घरात लायसन्स कुणाकडे आहे?

चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणाऱ्या बाईंना त्या रस्त्यावर सगळे नंबरताई म्हणत. खरं नाव मालकांना माहीत असावं, पण तेही हाक मारताना नंबरताईच म्हणत. दुकानाच्या मागे एक बिनखिडकीची खोली, तिच्यात एक उंच स्टूल, समोरच्या भिंतीवर उजेडाची पाटी, आणि अंधारातून येणारा नंबरताईंचा आवाज: "एक डोळा झाका. दाबू नका, झाका. आता खालची ओळ वाचा."

लायसन्ससाठी नजरेचा दाखला हवा असणारे लोकही याच स्टुलावर येऊन बसायचे. नंबरताईंनी तपासायचं आणि मालकांनी सही करायची. या मंडळींना फार घाई असायची. कुणी बाहेर गाडी चालू ठेवून आत यायचा, कुणी "सही तेवढी द्या हो, डोळे काय, आहेतच की" म्हणायचा. आणि बरेच जण खालची ओळ पाठ करून यायचे. एक महाभाग तर पाटीचा दिवा लावायच्या आधीच घडाघडा ओळ म्हणून मोकळा झाला. नंबरताई म्हणाल्या, "पाठांतर उत्तम आहे. आता दिवा लावू का?"

अशांना त्या सरळ परत पाठवायच्या. मालक कुरकुरायचे, "ताई, गिऱ्हाईक आहे."

"गिऱ्हाईक आहे म्हणूनच. समोरून माझी मुलगी चालत येत असली तर ती याला दिसायला नको?"

यावर मालक पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारायचे. नंबरताईंचा असा दरारा होता. पण दिव्याखाली अंधार असतो तो असा: लोकांच्या नजरेचे दाखले बनवणाऱ्या नंबरताईंकडे स्वतःचं पक्कं लायसन्स नव्हतं. कच्चं होतं, आणि त्याचीही मुदत कधीच संपून गेली होती.

परीक्षेला त्या गेल्या नव्हत्या असं नाही. मैदानात चुन्याने आठचा आकडा आखलेला होता. त्यावरून पाय न टेकता गाडी फिरवून आणायची. पहिल्या खेपेला वळणावरच पाय टेकला. दुसऱ्या खेपेला घाबरून चुन्याच्या रेघेकडे बघितलंच नाही. सरळ गेल्या, एक ऐसपैस कमान काढली आणि तशाच मैदानाच्या फाटकाकडे निघाल्या. तपासनीस ओरडला, "ताई! अहो ताई, हा मराठी आठ झाला. इथे इंग्रजी लागतो, परत जागेवर येणारा!"

सगळं मैदान हसलं. नंबरताईही हसल्या, पण मनातून ओशाळल्या. पुढच्या महिन्यात जाऊ म्हणाल्या. पुढच्या महिन्यात सासरे आजारी पडले, त्या पुढच्या महिन्यात भिंगरीची परीक्षा आली. एकीकडे गाडी चालतच होती. कुणी अडवलं नाही, कुणी विचारलं नाही, आणि भीड चेपली. 'मराठी आठ' हा घरात हक्काचा विनोद झाला. पाहुणे आले की भिंगरीचा मामा हातवारे करून सांगायचा आणि नंबरताई चहा गाळता गाळता म्हणायच्या, "पुरे रे आता."

भिंगरी म्हणजे त्यांची मुलगी. पंधरा पूर्ण होऊन सोळावं लागलेलं. लहानपणापासून पायाला चाकं असल्यासारखी, म्हणून भिंगरी. वडील नोकरीनिमित्त दुसऱ्या गावी, महिन्या-दोन महिन्यांनी यायचे. घरात आई, गुडघ्यांनी जेरीस आलेले आजोबा, आणि चार घरं सोडून राहणारा पण जेवायच्या वेळी न चुकता उगवणारा मामा.

गाडी शिकवली मामानेच. बंद पडलेल्या गोदामामागच्या मोकळ्या जागेत, आईला न सांगता. नंबरताईंना कळलं ते शेजारणीने कौतुक केलं तेव्हा. "भिंगरी काय झोकात चालवते हो!" झालं. संध्याकाळी नंबरताईंनी भावाला फैलावर घेतलं.

"तिचं वय काय, तुझं वय काय? अक्कल गहाण ठेवलीस का?"

"अगं ताई, शिकायला काय हरकत आहे? चालव कुठे म्हणतोय मी? नुसती शिकून ठेवू दे."

"पोहायला शिकवून पाण्याकडे बघू नको म्हणण्यातली गत."

"पाण्याचं कशाला काढतेस, गाडीचं बोल."

नंबरताईंनी चावी कपाटाच्या वर, डब्यामागे ठेवली. भिंगरीला बजावलं, "अठरा होईपर्यंत हात लावायचा नाही. कळलं?" भिंगरी "हो" म्हणाली. तेव्हा तिने ते मनापासूनच म्हटलं असणार.

पण या घरात 'इथल्या इथे' नावाची एक जागा होती. तिथे जायला हेल्मेट लागत नसे, लायसन्स लागत नसे, वय लागत नसे. आधी ही जागा फाटकाच्या आतच होती. "भिंगरी, गाडी उन्हात आहे, इथल्या इथे सावलीत घे." मग ती औषधाच्या दुकानापर्यंत सरकली, कारण आजोबांचं गुडघ्याचं मलम संपलं होतं आणि मामा नेमका जेवत होता. मग गुडघ्यांचे व्यायाम करून घेणाऱ्या दवाखान्यापर्यंत, कारण आजोबांना चालवत नव्हतं आणि नात मागे बसवून हळू नेत होती. "किती हळू नेते गं पोर," सासरे म्हणाले, "तुझ्यापेक्षा बरी. तू वळणावर मला धडकी भरवतेस." नंबरताईंना हे लागलं. पण त्या दिवशी दुकानात उशिरापर्यंत थांबायचं होतं, आणि म्हाताऱ्याला दवाखान्यात कुणी न्यायचं हा प्रश्न परस्पर सुटला होता. त्या म्हणाल्या, "बरं, आजच्या दिवस."

'आजच्या दिवस'चं मांजरासारखं असतं. एकदा घरात शिरलं की हाकलून जात नाही.

आणि मग तो प्रकार झाला, ज्याची आठवण झाली की नंबरताईंना स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटायचं. त्यांची कामाची पेटी, डोळ्यावर वेगवेगळी भिंगं लावून बघायची ती, घरी राहिली. बाहेर माणसं खोळंबलेली. त्यांनी घरी फोन केला. "भिंगरी, पेटी घेऊन ये ना गं." गाडीवर ये असं त्या म्हणाल्या नाहीत. चालत ये असंही म्हणाल्या नाहीत. पोर बघता बघता दारात हजर झाली तेव्हा त्यांनी पेटी घेतली, किल्लीकडे बघितलं आणि "नीट जा" म्हणाल्या.

मालकांनी चष्म्यावरून बघितलं. बोलले असते तर बरं झालं असतं.

पुढचं व्हायचं ते एका साध्या दुपारी झालं. आजोबांच्या टीव्हीच्या रिमोटचे सेल संपले. एवढंच. सामना रंगात आलेला, आवाज वाढत नव्हता. भिंगरी सेल आणायला निघाली. पुढचा रस्ता एकेरी होता, पण वळसा घालून कोण जातं? सगळे उलटेच शिरायचे, दूधवाला, पेपरवाला, शाळेतून मुलांना आणणारे आईबाप. भिंगरीही शिरली. त्याच वेळी शिवणवाल्या काकू, म्हणजे कोपऱ्यावरच्या कपडे शिवून देणाऱ्या बाई, हातात पिशवी घेऊन फुटपाथवरून उतरल्या. त्यांनी गाड्या जिकडून यायला हव्यात तिकडे नीट बघितलं. रस्ता रिकामा होता. भिंगरी दुसरीकडून आली.

दुकानात नंबरताईंचा फोन वाजला. मामा होता.

"ताई, घाबरू नकोस."

असं कुणी म्हटलं की माणसाने घाबरायचंच असतं. नंबरताई तशाच उठल्या. गिऱ्हाईक एक डोळा झाकून स्टुलावर बसलेलं राहिलं.

घरी पोहोचल्या तर भिंगरी सोफ्यावर, गुडघा सोललेला, ओठ पांढरे. शेजारी आजोबा तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. टीव्ही कुणीतरी बंद केला होता. मामा फेऱ्या मारत होता.

"हिला फार नाही लागलेलं. एकेरी रस्त्यात उलटी शिरली आणि शिवणवाल्या काकूंना धडकली. त्यांचं मनगट मोडलंय. उजवं. लोकांनी त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलंय. गाडी पोलिसांनी ताब्यात घेतली. मी जवळच होतो म्हणून पोलीस यायच्या आत हिला माझ्या मोटरसायकलवर बसवून घरी आणलं. मग परत जाऊन हवालदाराला सांगितलं, गाडीची मालकीण येते, दवाखान्यातच जबाब घ्या."

"तू हिला तिथून पळवून आणलंस?"

"पळवून काय, आणलं! पोर थरथरत होती. आता माझं ऐक. डोकं शांत ठेव. तू जायचं आणि सांगायचं, गाडी मी चालवत होते. भिंगरी मागे बसली होती. खेळ खल्लास."

"काकूंनी बघितलं असेल की!"

"त्या दुसरीकडे बघत होत्या. बघत असत्या तर लागलं असतं का?"

नंबरताईंना भावाच्या तर्काची कीव करावी की त्याला लाटण्याने बडवावं हे कळेना. पण खरं सांगायचं तर, क्षणभर त्यांना ही वाट सोयीची वाटली. पोरीचं नाव कुठे लागायला नको. अल्पवयीन मुलीच्या हाती गाडी दिली की पालकांवर खटला होतो आणि पोरीला पुढे कित्येक वर्षं लायसन्स मिळत नाही, हे त्यांनी दुकानात येणाऱ्यांकडून ऐकलं होतं. आपण पुढे झालो तर निदान तिचं पुढचं वाचेल.

आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

"अरे, पण माझ्याकडे लायसन्स कुठाय?"

मामा थांबला. "म्हणजे? अजून नाही काढलंस?"

"मराठी आठ म्हणून जगाला सांगत फिरतोस, आणि वर मलाच विचारतोस?"

"मला वाटलं नंतर काढलं असशील! मी काय दरवेळी तुझी पर्स तपासतो का?" त्याने कपाळावर हात मारला. "बरं. मग मी चालवत होतो म्हणू."

"तुझं आहे?"

"आहे म्हणजे काय, हे बघ." त्याने पाकिटातून काढून दाखवलं. नंबरताईंनी कार्ड डोळ्यांजवळ धरलं.

"हे चारचाकीचं आहे."

"हो मग?"

"मग दुचाकीचं?"

"अगं, ज्याला चार चाकं येतात त्याला दोन यायचीच की!"

नंबरताईंनी डोळे मिटले. हा माणूस रोज त्यांच्या ताटातली भाकरी खाऊन रोज मोटरसायकल चालवत होता. आजोबा मध्येच म्हणाले, "माझं आहे. दुचाकीचंच आहे." आणि काठी टेकत आत जाऊन प्लॅस्टिकच्या पाकिटातलं लायसन्स घेऊन आले. फोटोत दाट काळ्या केसांचा एक रुबाबदार माणूस होता. मुदत भिंगरी पाळण्यात होती तेव्हाच संपली होती.

"बाबा, हे चालत नाही आता."

"मी चालवायला कुठे मागतोय? नुसतं दाखवायला."

मग मामाने भाऊजींना फोन लावला. भिंगरीच्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं, बायकोला आणि मेहुण्याला आळीपाळीने झाडलं, आणि शेवटी म्हणाले, "माझं लायसन्स आहे. चालू आहे. पण मी इथे आहे."

"सकाळी येऊन गेलात म्हणू," मामा म्हणाला.

पलीकडून काय उत्तर आलं ते कुणालाच नीट ऐकू आलं नाही, पण मामाने फोन कानापासून लांब धरला.

एका गाडीवर घरातली चार माणसं बसत होती, आणि त्यांतल्या एकाकडेही ती चालवायचा कागद नव्हता. इतकी वर्षं ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती, कारण प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्याकडे असेल. नंबरताईंना हसू फुटेल की रडू, काही कळेना. एवढ्यात सोफ्यावरून भिंगरी म्हणाली, "आई, शेजारच्या वहिनींकडे आहे लायसन्स. त्या चालवत होत्या म्हण. त्या तुला नाही म्हणणार नाहीत. आणि मी मागे बसलेले. मी डाव्या बाजूला पडले, म्हणून डावा गुडघा फुटला. बरोबर ना, मामा?"

मामा म्हणाला, "बघ! पोर तुझ्यापेक्षा हुशार आहे."

भिंगरीचे ओठ आता पांढरे नव्हते. गालांवर रंग आला होता. ती मनातल्या मनात पुन्हा एकदा सगळं जुळवून बघत होती, कोण पुढे, कोण मागे, कोण कुठल्या बाजूला पडलं. नंबरताईंना तो चेहरा ओळखीचा वाटला. पाटीचा दिवा लागायच्या आधीच ओळ म्हणून दाखवणाऱ्यांचा असतो तसला. काकूंचं मनगट कसं आहे, हे तिने अजून एकदाही विचारलं नव्हतं.

"ऊठ," नंबरताई म्हणाल्या. "चप्पल घाल."

"कुठे?"

"दवाखान्यात."

"मी कशाला? ताई, तिला कशाला नेतेस?" मामा आडवा आला. "तिच्या आयुष्याचा प्रश्न आहे!"

"तेच म्हणतेय मी. सरक."

"मी सोडतो मग गाडीवर."

नंबरताईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो भिंतीला टेकला. आजोबा पुटपुटले, "माझ्या सेलांपायी झालं हे सगळं." सुनेला त्यांची दया आली, आणि रागही आला, आणि या क्षणी दोन्ही दाखवायला वेळ नव्हता.

मायलेकी चालत निघाल्या. भिंगरी लंगडत होती, पण तिने हात धरू दिला नाही. अर्ध्या वाटेत म्हणाली, "तू काय सांगणार आहेस?"

"जे झालं ते."

"मग मला लायसन्स मिळणार नाही ना? माझ्या सगळ्या मैत्रिणींना मिळेल. त्याही चालवतात, माहितेय तुला? त्यांच्या आया गप्प बसतात."

"मीही गप्पच बसले होते. म्हणून तर चालत चाललोय."

"पेटी आणायला तूच बोलावलंस!"

"हो. मीच."

तिला भांडण हवं होतं आणि आई भांडत नव्हती.

हाडांच्या विभागाबाहेरच्या बाकावर शिवणवाल्या काकू बसल्या होत्या. बोटांपासून कोपरापर्यंत ताजं, ओलसर प्लास्टर. पिशवी मांडीवर, तिच्यातून अर्धा शिवलेला कुणाचा तरी कोट बाहेर डोकावत होता. शेजारी वाहतूक पोलिसातल्या एक बाई गुडघ्यावर पॅड ठेवून लिहीत होत्या. दोघींना बघताच काकूंनी सुरू केलं:

"या! आलात? मला एवढंच सांगा, माझं काय चुकलं? मी बघून उतरले. एकदा नाही, दोनदा बघितलं. आता मी काय दोन्हीकडे डोळे लावून घेऊ? तुमच्याकडे मिळतात का तसले चष्मे?"

"काकू, तुमचं काहीच चुकलं नाही," नंबरताई म्हणाल्या.

"ते मलाही माहितेय! पण मनगटाला कोण सांगणार? हा हात कात्रीचा आहे. डाव्या हाताने मला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही. हा कोट ज्याचा आहे तो येऊन माझ्या डोक्यावर बसेल."

पोलीस बाईंनी हाताने थांबवलं. "काकू, एक मिनिट. ताई, गाडी तुमच्या नावावर का?"

"हो."

"चालवत कोण होतं?"

भिंगरी जमिनीकडे बघत होती. नंबरताईंच्या डोक्यात मामाची, आजोबांची, शेजारच्या वहिनींची, सगळ्यांची वाक्यं गर्दी करून उभी होती.

"ही. माझी मुलगी. वय पंधरा. रस्त्यात उलटी शिरली होती. चावी माझ्या घरातली, आणि ती गाडी नेते हे मला माहीत होतं. मीसुद्धा कधी कधी पाठवलंय. आणि लायसन्स माझ्याकडेही नाही."

पोलीस बाईंनी पेन थांबवलं. "ताई, शेवटचं मी विचारलं नव्हतं."

"विचाराल म्हणून सांगितलं."

"विचारलं असतं," त्या बाई म्हणाल्या, आणि उसासा टाकून पान उलटलं. "आज दिवसभरात मला पहिलं खरं उत्तर मिळालं, आणि तेही लिहायला इतकं लांबलचक. बसा. गाडी आमच्याकडे राहील. तुमच्यावर खटला होईल, कोर्टात यावं लागेल. मुलीला लायसन्स लवकर मिळायचं आता विसरा. खरं सांगितलंत म्हणून यातलं काही कमी होणार नाही, हे आधीच सांगून ठेवते."

"कळलं."

काकू म्हणाल्या, "आणि माझ्यापुढे रडू नका हं कुणी. मला रडणाऱ्यांचा फार राग येतो. माझंच रडून झालंय आत."

कुणी रडत नव्हतं. भिंगरी आईच्या मागे उभी होती. काकूंनी मान वाकडी करून तिच्याकडे बघितलं.

"ए पोरी. इकडे ये. पुढे ये, खात नाही मी. मला एक सांग. मी समोर उतरले, एवढी मोठी बाई, हातात पिशवी. तू हॉर्न का नाही वाजवलास?"

भिंगरीने आईकडे बघितलं. आईने काही खूण केली नाही. तिच्याकडे करायला खूण उरलीच नव्हती.

"मी बघितलंच नाही तुम्हाला," भिंगरी म्हणाली. आवाज चिरका आला. "माझ्या मैत्रिणी समोरच्या दुकानात होत्या. त्यांना मी गाडीवर दिसतेय का, ते बघत होते. हात सोडला होता मी एक. त्यांना दाखवायला."

हे नंबरताईंना नवं होतं. मामाला, आजोबांना, कुणालाच ठाऊक नव्हतं. एक हात सोडून. एकेरी रस्त्यात उलटं. त्यांना रस्त्यावर पडलेली भिंगरी दिसायला लागली, आणि त्यांनी ते चित्र नेटाने दूर लोटलं.

काकू प्लास्टरचा हात मांडीवर जरा सरकवून म्हणाल्या, "हं. निदान खरं बोलतेस." एवढंच. माफ केलं, असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

पोलीस बाईंनी विचारलं, "हे हात सोडल्याचंही लिहू का? तू आत्ता सांगितलंस ते?"

अगं, एवढं नको सांगूस, आधीच काय कमी झालंय, हे वाक्य नंबरताईंच्या अगदी ओठांपर्यंत आलं. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले आणि दोन्ही हातांनी पर्स आवळून धरली.

"लिहा," भिंगरी म्हणाली.